गावकीत मिटलेली केस

हे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. लग्नाच्या पंगतीत लोक मला त्यांच्याबद्दलच खोदून खोदून विचारतात. या प्रकरणात मात्र कोणालाही बेडी पडली नाही. तरी निवृत्तीनंतर घरी चहा पीत बसलो की मला आठवतं ते हेच.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका पोलीस स्टेशनचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत एका विद्यापीठाचा परिसर येत होता. तिथल्या व्यवस्थापनाने नवा नियम केला होता. नोकरीला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का, आधीच्या नोकरीत गैरवर्तनाची चौकशी झाली होती का, हे घोषणापत्रात लिहून द्यायचं. नोकरीत असलेल्यांनीही द्यायचं. मग ती नावं चारित्र्य पडताळणीसाठी आमच्याकडे यायची.

नियमावरून तिथे बरीच कुरकुर झाली. आम्हाला चोर समजता का, असं काहींनी विचारलं. मला समजावून सांगायला बोलावलं, तेव्हा मी सरळ सांगितलं की माझी मुलगी होस्टेलवर राहून शिकली, आणि तिच्या रेक्टर बाई कोण, कुठल्या, हे मला माहीत असावं असं बाप म्हणून मला वाटायचं. पुढे घोषणापत्रं आली तीही पाहण्यासारखी होती. एका कारकुनाने हेल्मेट नसल्याचा दंड प्रामाणिकपणे लिहिला होता. एका वयस्कर प्राध्यापकांनी तरुणपणी मोर्चात झालेली अटक इतक्या ठसक्यात लिहिली होती की ती पदवीच वाटावी.

मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेची जागा भरायची होती. निवड झाली होती डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या एका गावातल्या कोळी मुलीची. घरात पदवीपर्यंत शिकलेली ती पहिलीच. कल्याणच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात ती कंत्राटावर काम करत होती आणि तिथल्या मुली तिच्यावर जीव टाकत. वडील वारलेले, आईचे गुडघे गेलेले. ही कायमची नोकरी म्हणजे त्या घराचा आधार होता. तिने घोषणापत्रात गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं.

आणि एके दिवशी सकाळी पोलीस स्टेशनला फोन आला. ठाणे अंमलदार म्हणून आमच्या हवालदार बाई बसल्या होत्या. पलीकडून बाईचा आवाज. होस्टेलवर लागणाऱ्या त्या मुलीवर केस आहे, ती शोधा आणि लवकर शोधा, एवढं बोलून फोन बंद झाला. नाव नाही, गाव नाही.

निनावी फोन आम्हाला नवे नाहीत. बहुतेकांच्या मागे भावकी असते किंवा नोकरी हुकलेला उमेदवार असतो. पण माझा एक अनुभव आहे. वैऱ्याला घाई नसते. माणूस खुर्चीत बसेपर्यंत तो थांबतो, म्हणजे खाली ओढताना चारचौघांत आवाज होतो. या बाईला नेमणूक व्हायच्या आत सगळं व्हायला हवं होतं, आणि ते मला खटकलं.

संगणकावर नोंद सापडायला वेळ लागला नाही. काही वर्षांपूर्वी, मुलगी कॉलेजात असताना, शेजारच्या हद्दीतल्या मासळी बाजारात बसण्याच्या जागेवरून भांडण झालं होतं. आईच्या जागी बसलेल्या या मुलीने एका वयस्कर कोळणीला ढकललं. ती ओल्या फरशीवर पडली आणि मनगट मोडलं. गंभीर दुखापतीचा गुन्हा, जामीन, दोषारोपपत्र, सगळं रीतसर झालेलं. पुढे मात्र सगळं थंड. खटला कल्याणच्या न्यायालयात तसाच पडून होता. मुलीच्या घरच्यांनी गावातच घर बदलल्याने समन्स जुन्या पत्त्यावरून परत गेलं होतं आणि फिर्यादीही तारखेला फिरकली नव्हती.

आता नियम असा की जुना गुन्हा आहे म्हणून कोणाला नोकरी नाकारायची नाही, समिती त्याचा विचार करते. पण लपवलेला सापडला की थेट घरी. म्हणजे ‘नाही’ या एका शब्दावर या मुलीचं सगळं अडलं होतं.

मी तिला दुपारी बोलावून घेतलं. हवालदार बाई शेजारी होत्या. मुलगी ताठ मानेने बसली, विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. बाजारातल्या भांडणाचा विषय काढला आणि तिने ओठ मिटले.

“सर, मी त्याबद्दल नाही बोलू शकत.”

मी आवाज चढवला. माझा स्वभाव तापट, हे माझ्या स्टेशनला माहीत होतं, घराला त्याहून जास्त. खोटं लिहून देतेस आणि वर बोलणार नाही म्हणतेस? ती रडली नाही, गयावयाही केली नाही.

“मी खोटं नाही लिहिलेलं. ते मिटलेलं आहे.”

“कल्याणच्या कोर्टात खटला अजून उभा आहे.”

तिचा चेहरा उतरला. मी तीस-बत्तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचत आलो होतो. हे सोंग नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

“पण मिटवलं की मिटतं ना, सर?” एवढंच तिने विचारलं. कोणी मिटवलं, कसं, यावर पुन्हा गप्प. मी तिला पाठवून दिलं आणि हवालदार बाईंवर उगाच चिडलो.

बाईंचं माहेर कोपरीचं, कोळ्यांचंच घर. त्यांनी मला शांतपणे चहा मागवला आणि मग सांगितलं. त्यांच्याकडे भांडण गावकीत मिटलं की दोन्ही बाजू देवीसमोर नारळावर हात ठेवतात आणि तो विषय पुन्हा तोंडातून काढणार नाही असा शब्द देतात. ना गावात, ना एकमेकांसमोर. जो काढेल त्याने देवीचा शब्द मोडला. भांडण मिटतं ते असं, नाहीतर रोज शेजारी बसून धंदा कसा करणार, असं बाई म्हणाल्या. पोरगी अडकली होती ती तिथे. विद्यापीठाचा नियम म्हणत होता सांग, आणि देवीला दिलेला शब्द म्हणत होता सांगू नकोस.

मला त्या मुलीचं कौतुक वाटलं, पण कौतुकावर अहवाल लिहिता येत नाही. राहिली फिर्यादी बाई. दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या वेशात तिच्या गावी गेलो.

सत्तरीकडे झुकलेली मावशी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. पोलीस म्हटल्यावर घाबरली नाही, उलट बसायला पाट दिले. मनगट जरा वाकडं जुळलेलं स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाली, वयानं झालाय. बाजारात भांडण झालं होतं का? तिला आठवत नव्हतं. त्या मुलीला ओळखता का? गावातली पोर, ओळखणारच. फिर्यादीवर तुमचा अंगठा आहे, असं मी म्हणालो. कोनी तरी घेतला आसंल, असं उत्तर मिळालं. अट्टल गुन्हेगारांनी मला इतकं दमवलं नव्हतं.

शेवटी मी उठलो आणि हवालदार बाईंना म्हणालो, चला, काही कळत नाही. मुलीने लपवलं असा अहवाल पाठवू, तिची नोकरी जाईल, आपलं काम संपलं.

मावशीचा हात सुकटीतच थांबला.

“जाईल कशी? मी त्याच्यासाठीच बोलले ना, लवकर शोधा म्हनून.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने आधी हवालदार बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ओशाळून हसली. फोन तिचाच होता.

मी पुन्हा पाटावर बसलो. मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझा सगळा राग उतरला. गावकीने त्या वेळी निवाडा दिला होता की मोडलेला हात जुळेपर्यंत मावशीची पाटी या मुलीने विकायची. पहाटे माल घ्यायचा, मावशीच्या जागेवर बसायचं, मासळी कापायची, विकायची, आणि मगच कॉलेजला जायचं. पहिले काही दिवस दोघी तोंड फिरवून बसत. मग मावशी तिला सुरी कशी धरायची ते शिकवायला लागली. मग डबा एकच झाला. प्लॅस्टर निघालं तरी मुलगी येत राहिली. परीक्षा आली तेव्हा मावशीनेच तिला हाकललं, घरी जाऊन अभ्यास कर म्हणून. पोरगी तिच्याकडे अजून येत-जात होती, जेवत होती, आणि इतक्या वर्षांत त्या भांडणाचा शब्द दोघींपैकी कोणी काढला नव्हता.

मावशीची भाची विद्यापीठात साफसफाईला होती. तिच्याकडून नियम कळला. नेमणुकीआधी कागद दुरुस्त करून दिला तर चालतं, पण लपवलेलं पुढे सापडलं तर काढून टाकतात, हे ऐकून मावशीची झोप उडाली. पोरीला सांगावं तर देवीचा शब्द मोडतो.

“गावात काढायचा नाय, तिच्या म्होरं काढायचा नाय, असा बोलले होते मी. पोलिसांचा नाव त्यात नव्हता.”

हवालदार बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र गलबलून आलं. नोकरीतला पहिलाच निनावी फोन, जो मायेपोटी आला होता.

आता गाठ सोडवायची होती. मी देवळात गावकीसमोर गेलो, चपला बाहेर काढून, टोपी न घालता. गावचे पाटील आणि पाच-सहा म्हातारे बसले होते. मी म्हणालो, तुम्ही मिटवलंत ते उत्तमच केलंत, पण कोर्टाला कळवलं होतं का? ते एकमेकांकडे बघायला लागले. हा विचार कोणाच्या मनातच आला नव्हता. पाटलांनी मलाच समजावलं, “कोर्टाला कशाला? देवीला सांगितला ना.” यावर माझ्याकडे कायद्यात उत्तर होतं, पण मी ते गिळलं. एवढंच म्हणालो की देवीकडे तारखा पडत नाहीत, कोर्टात पडतात, आणि पोर त्यात अडकली आहे.

म्हातारे हसले आणि काम झालं. मावशी आणि मुलगी दोघींना बोलावलं. पुन्हा नारळ आला. कोर्टात आणि विद्यापीठात खरं ते सांगायला दोघींना मोकळीक दिली. मुलीला तिथे पहिल्यांदा कळलं की फोन कोणाचा होता. ती जाऊन मावशीच्या मांडीशी बसली. मावशी तिला म्हणाली, “रडतंस काय, उठ, कागद लिव.”

नेमणुकीच्या आधी तिने सुधारित घोषणापत्र दिलं, सगळं भांडण लिहून, काही न झाकता. दोघी कल्याणच्या न्यायालयात हजर झाल्या. कलम न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीत बसणारं होतं, तडजोड मंजूर झाली. आम्ही अहवालात घडलं ते जसंच्या तसं कळवलं. समितीने मुलीला बोलावलं, तर तिच्याबरोबर मावशीही जाऊन बसली, कोणी न बोलावता. अध्यक्ष बाईंनी तिला सौम्यपणे विचारलं की या मुलीच्या हाताखाली पोरी सुरक्षित राहतील असं तुम्हाला वाटतं का.

मावशीने वाकडं मनगट टेबलावर ठेवलं.

“हा हात हिनंच मोडला. आनि जुळंपरत हिनंच मना घास भरवला. आता तुमी ठरवा.”

समितीने ठरवलं. पत्र हातात आलं त्या दिवशी मुलगी पेढे घेऊन स्टेशनला आली होती, आणि मी तापट आहे हे ठाऊक असल्यामुळे आधी हवालदार बाईंना विचारून मगच माझ्या खोलीत आली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. पडताळणीत आपण फक्त ज्याच्यावर गुन्हा आहे त्याला विचारतो. ज्याला लागलं, त्याला पुढे काय झालं हे कोणीच विचारत नाही. त्यानंतर माझ्या स्टेशनात मी सांगून ठेवलं होतं की प्रतिकूल अहवाल लिहिण्याआधी फिर्यादीला भेटून या. काही ठिकाणी फिर्यादीच्या डोळ्यांतली भीती अजून गेलेली नसायची. ते अहवाल आम्ही कडकच पाठवले, आणि त्याचाही मला खेद नाही. माफी असते किंवा नसते, पण ती कागदावर शोधून सापडत नाही.

मध्यंतरी त्या विद्यापीठाने मला पुन्हा बोलावलं, पाहुणा म्हणून. नव्या कर्मचाऱ्यांना घोषणापत्र कसं भरायचं ते आता ती अधीक्षिकाच समजावते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिने सुरुवात केली ती स्वतःवरच्या गुन्ह्यापासून, कलमासकट. एका तरुण शिपायाने जरा भीत भीतच विचारलं की मॅडम, असं सगळ्यांसमोर सांगायला लाज नाही वाटत का.

ती म्हणाली, “लपवलं असतं ना, तर रोज वाटली असती.”

त्याने खिशातून पेन काढलं आणि कोरा ठेवलेला रकाना भरायला घेतला.