मासेवालीचं नाक

उलव्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मासेवाली बसते. नाव माहीत नाही. सगळे मावशी म्हणतात. माझ्यासकट प्रत्येक जण तिच्या माशाचे कल्ले उघडतो, नाकाशी नेतो आणि ताजा आहे ना, म्हणून दहादा विचारतो. ती सुरी खाली ठेवते, पदराने तोंड पुसते आणि आपण तिथे नाहीच अशा थाटात रस्त्याकडे बघत बसते.

गेल्या महिन्यात आमच्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. पोरांची पोटं बिघडली. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी पाणीखात्याला तासभर शिव्या घातल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तक्रार करायला मी आणि ते दोन बाटल्या घेऊन निघालो. एकीत गेटजवळच्या, थेट लाइनवरच्या नळाचं पाणी. दुसरीत माझ्या स्वयंपाकघरातलं.

“काय रं त्यान?” म्हणत मावशीने बाटल्या मागून घेतल्या. हात धुतले, अंगठ्याने एक नाकपुडी दाबली आणि डोळे मिटून दोन्ही हुंगल्या.

“लाइनचा पानी झ्याक हाय. वास तुमचे टाकीचा हाय.”

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहू लागले.

“माजा म्हावरा रोज हुंगताव,” मावशी म्हणाली, “टाकी कवा हुंगली?”

संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीतून एक मेलेलं कबूतर निघालं. ते ताजं आहे ना, असं कुणीच विचारलं नाही.