ताई वर की खाली

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे; शेअर बाजारातलं जे कळतं ते परीक्षेपुरतं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मानपाड्याच्या आमच्या खोलीत इंग्रजी अहवाल वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आमच्याकडे शेअर एकही नव्हता. ताई होती. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून ती एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली. शीळफाट्याला बस बदलून कोलशेतच्या ऑफिसात जायची. बाबा गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालायचं, आणि माझं कॉलेजही. त्या कंपनीचा शेअर वर्षभर घसरत होता. तिची नोकरी राहील का, हे मी त्याच्याकडे बघून ओळखू पाहत होतो.

संध्याकाळी चप्पल काढता काढता ती विचारायची, "काय पंडित, आज मी वर की खाली?"

"थोडी खाली."

"बघ आई, तुझी पोरगी रोज स्वस्त होतेय!"

"गप गं. काहीही बोलते." मग ती आत गेल्यावर आई मला हळूच विचारायची, "पण ते लोक म्हणतात काय रे?"

ते लोक म्हणजे तज्ज्ञ. तिघांचं मी नेमाने वाचायचो. एक म्हणे, मोठी गिऱ्हाइकं सोडून गेलीत, विका. दुसरा म्हणे, कंपनीवर कर्ज नाही, थांबा. तिसऱ्याला पडलेला भाव म्हणजे संधीच वाटायची. आजवर कोणाचा अंदाज खरा ठरला, ते मी जुने अहवाल काढून ताडून पाहिलं. 'विका' म्हणणारा सगळ्यांत भरवशाचा निघाला. मग मी घरी सांगून ठेवलं, हा माणूस ज्या दिवशी 'घ्या' म्हणेल, त्या दिवशी आपली काळजी मिटली.

गेल्या महिन्यात तो 'घ्या' म्हणाला. भाव सकाळपासून उसळलेला. अहवाल पुरता न वाचताच मी कॉलेजच्या जिन्यावरून फोन लावला.

"आई, शेवटी म्हणाला तो!"

"म्हणजे ताईची नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग येताना रवा घेऊन ये. शिरा करते."

बाकीचं मी नंतर वाचलं. गिऱ्हाइकं परत आली, असं कुठेच नव्हतं. कंपनी खर्चाला कात्री लावतेय, म्हणून नफा वाढेल, एवढंच होतं. खर्च म्हणजे कोण, ते लिहिलेलं नव्हतं. अशा अहवालांत माणसं नसतातच. इतके महिने आम्ही ज्याच्या तोंडाकडे आशेने बघत होतो, तो नेमकी याचीच वाट बघत होता.

रवा घेऊन दुकानाची पायरी उतरत होतो, तेव्हा ताईचा मेसेज आला. "आमची अख्खी टीम काढली. आईला मी सांगते, तू काही बोलू नकोस."