चुकलेल्या मुंढ्यांच्या वह्या

शिलाईच्या सेंटरवर चार बाया बसल्या की किस्से साचायला वेळ लागत न्हाई. मशीनखालच्या चिंध्यांसारखं हाये. आज झाडून काढलं तरी उद्या पुन्हा तेवढंच! डोंगरकड्याच्या आमच्या सेंटरवरचं हे त्यातलंच थोडं.

पण हसायच्या आधी एक सांगते. त्या उन्हाळ्यात माझं कामच बिनसलं होतं. ओळीनं तीन ब्लाऊज परत आले. तिन्हीत मुंढा चुकला, म्हणजे बाही जोडायची ती गोल जागा. हात वर केला की काखेत ओढायचं. एकीचा तर एसटीची दांडी धरताना टर्रकन उसवला! आन नेमकं तवाच माझ्या कपाटात प्रज्ञाचं कापड येऊन पडलं. प्रज्ञा म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुमनबाईची पोरगी, महिन्यावर लग्न. कापड सुमनबाईच्या स्वतःच्या लग्नातल्या साडीचं. तुकडा एकच. चुकलं तर दुकानातून दुसरा आणायची सोय न्हाई. मी कपाट उघडायची, कापडाकडं बघायची आन पुन्हा लावून घ्यायची.

* * *

हिंगोलीहून शिकवायला येणाऱ्या मॅडमनं आमाला एकेक वही दिली. "काय करायचं ठरवलं, कसं केलं, कुठं चुकलं, काहून चुकलं, सगळं लिहायचं. मोठे डिझायनर अशाच वह्या ठेवतात."

मोबाईलवर त्यांनी एका डिझायनर बाईची वही दाखवली. चित्रावर फुल्या, कडेला चिकटवलेली चिंधी, तिरकं-बारकं लिहिलेलं, वरून चहाचा डाग!

मी म्हणलं, "मॅडम, एवढी खाडाखोड? आमच्या गुरुजींनी हिला कोंबडा केला असता!"

मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, "म्हणूनच तुमी नुसती पाटी पुसायला शिकलात, कमलताई."

* * *

मी बी चौथी पास हाये. आठ दिवस इमानदारीनं वही लिहिली. मॅडमनं उघडली. पहिल्या पानावर 'बराबर'. दुसऱ्या पानावर 'बराबर'. तिसऱ्यावर 'एकदम बराबर'.

"मग तीन ब्लाऊज परत काहून आले?"

"बायांनी हात लई वर केले!"

सगळ्या पोट धरून हसल्या. मला तेवढं कपाटातलं कापड दिसून राहिलं होतं.

* * *

मॅडमनं फर्मान काढलं, आता एकमेकींच्या वह्या वाचा. सविता आमच्यात सगळ्यात लहान, बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वहीत मला सोनंच घावलं! लिहिलं होतं, 'मुंढा पाऊण इंच वर घेतला. काखेत ओढायचं बंद.'

बस! मी कुणाला इचारलं न्हाई, काय न्हाई. दुसऱ्या दिशी पोस्टमागच्या आत्याबाईच्या ब्लाऊजचा मुंढा पाऊण इंच वर घेतला. आत्याबाई अंगानं भरलेल्या. ब्लाऊज घातला आन त्यांचे हात खालीच येईनात! दोन्ही हात पसरून सेंटरच्या मधोमध उभ्या, हरभऱ्यातल्या बुजगावण्यासारख्या. मला शिव्या देऊन राहिल्या, पण बोट दाखवता येईना!

मी सविताची वही तिच्याच तोंडापुढं धरली. "हे बघ, तुझंच हाये हे!"

सविता म्हणली, "काकू, वरची ओळ न्हाई का वाचली?"

वरची ओळ होती, 'गिऱ्हाईक : नववीतली पोरगी, काडीसारखी.'

* * *

धुरपताबाई तांड्यावरून येते. बाहीवर आरशाचं काम असं करती की बघत ऱ्हावं. तिला लिहिता येत न्हाई. मला वाटलं, हिची वही कोरीच असणार. तिनं पिशवीतून एक लांब फडकं काढलं. त्यावर नुसतं वाकडं-तिकडं काम! कुठं आरसा निसटलेला, कुठं टाका सैल, कुठं कापडाला चुण्या. दर चुकीजवळ लाल गाठ मारलेली. एक गाठ म्हणजे दोरा कच्चा, दोन गाठी म्हणजे घाई.

मी तोंडाची फटकळ. म्हणलं, "धुरपता, यात चांगलं काम कुठं हाये?"

"चांगलं गिऱ्हाईक घेऊन गेलं माय. हे माझं हाये."

मी घरी गेली. एसटीत उसवलेला तो ब्लाऊज काढला, त्याची काख कापली आन वहीत टाचली. 'बराबर'च्या बरोबर शेजारी.

* * *

रुक्साना आपा आमच्यात जुनी. तिच्या वहीत मापाच्या आधी भलतंच लिहिलेलं. 'कापूस वेचती.' 'फटफटीवर मागं बसती.' 'लेकरू कडेवर, डाव्या.'

मी म्हणलं, "आपा, टेलरची वही का पोलिसाची?"

"बैठ, देख."

तेवढ्यात झेडपीच्या शाळेतल्या बाई माप द्यायला आल्या. आपानं टेप गळ्यातच ठेवला. भिंतीकडं बोट केलं. "फळा समजा, बाई. आता एकदम वर तारीख लिहा."

बाईनं टाचा उचलून हवेत तारीख लिहिली. आपानं हात तसाच वर धरून माप घेतलं आन म्हणली, "आता सुविचार."

* * *

मग मी प्रज्ञाला बोलावलं. माप घ्यायच्या आधी वही उघडली. "नवरदेव किती उंच?"

ती लाजली. "काहून, मावशी?"

"काहून म्हणजे? हार घालताना हात किती वर जाईल, मला कळाया पाहिजे!"

सुमनबाई तिथंच होती. आधीच कापडावरून तिचा जीव टांगणीला. ती कडाडली, "ब्लाऊज पोरीचा शिवायचा का जावयाचा?"

तरी बी मी सोडलं न्हाई. फोन लावायला लावला. नवरदेवानं स्वतः सांगितलं, पाच फूट दहा. मी दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीला खडूनं रेघ मारली आन प्रज्ञाकडून तिथं सात-आठ वेळा नुसत्या हातानं हार घालून घेतला. आधी मांजरपाटाच्या साध्या कापडाचे तीन ब्लाऊज शिवून बघितले. तिन्ही चुकले. तिन्ही वहीत टाचले, काहून चुकले तेबी लिहिलं. चौथा बसला. मग कपाट उघडलं. कात्री कापडाला लावायची आन पुन्हा उचलायची, असं चार वेळा केलं, तवा रुक्साना आपानं मनगट धरलं. म्हणली, "कमल, सांस तो ले!"

* * *

लग्न वारंगा फाट्याला, रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात. पांढरी साडी, त्यावर तो ब्लाऊज. मी पहिल्या ओळीत बसली, नजर नुसती प्रज्ञाच्या काखेवर. बुद्धवंदना झाली. हार घालायची वेळ आली. प्रज्ञानं हार उचलला. तिचा हात माझ्या रेघेपर्यंत आला, मी काख बघितली, एक टाका हलला न्हाई. मी श्वास सोडणार, तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांनी आरोळी ठोकली आन त्याला खांद्यावर उचलला! दोन फूट वर! प्रज्ञा टाचा उचलून राहिली, हात वर, आणखी वर. सुमनबाईनं माझ्याकडं बघितलं.

मी खुर्चीवर उभी राहून वरडली, "खाली ठेवा त्याला, मुडद्यांनो! तेवढं माप घेतलेलं न्हाई मी!"

सगळा मंडप माझ्याकडं वळला. मित्रांनी त्याला गपचूप खाली उतरवला. नवरदेवानं मान खाली घातली, अजून थोडी घातली आन तसाच वाकून माझ्याकडं बघत म्हणला,

"मावशी, एवढं बसतं का?"