ग्राइंडरवालीचं पोस्टर

नोकरीत मी बटणं करते. पैसे पाठवायच्या ॲपमधलं बटण निळं असावं की हिरवट निळं, यावर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात आमच्या अख्ख्या दुपारी जातात, आणि लोक ते बटण न बघताच दाबतात. त्यामुळेच असेल, सुट्टीच्या दिवशी मला काहीतरी असं करावंसं वाटायचं, की ज्याच्यापुढे कुणी घटकाभर थांबेल.

लहानपणी नागपुरात मावशीकडे टीव्हीवर एक जुना भुताचा सिनेमा पाहिला होता. ओसाड घरात जातं आपोआप फिरतं आणि शेवटी दळणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो, एवढंच आता आठवतं. हा सिनेमा आज कुणी नव्याने काढला तर, असं मनाशी धरून मी त्याची पोस्टर्स करायला घेतली. माझ्या सिनेमात ओसाड घराच्या जागी तळ्याकाठच्या टॉवरमधला फ्लॅट होता आणि जात्याच्या जागी डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर. प्लग काढलेला, तरी दगड फिरतोय. ग्राइंडर झकास जमला. बाई काही जमेना.

मी बनशंकरीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी कानडीत बुडवून काढलेली. ती आणि माझी नागपुरी समोरासमोर आल्या की कधीकधी आम्हाला हिंदीची मदत घ्यावी लागते.

एकदा त्या डबा परत द्यायला वर आल्या आणि लॅपटॉपवरचं पोस्टर त्यांना दिसलं. मी सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"हे भूत नाही," त्या म्हणाल्या. "शाम्पूची जाहिरात आहे."

नेटवर फुकट मिळणाऱ्या फोटोंतल्या मुली अशाच असतात, मी म्हटलं. मग तुला हवी कशी, असं त्यांनी विचारलं. वय झालेली, लांब केसांची, जन्मभर दळून दळून वैतागलेली, असं मी सांगितलं. अक्कांनी चष्मा काढला.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. "उद्या केस धुणारच आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. अर्धे पांढरे, कमरेखाली येणारे ओले केस, जुनं फिकट पातळ. भूत तयार होतं, पण मी फोन उचलला की त्याला हसू फुटायचं. काहीतरी दुःखाचं आठवा म्हटलं, तर त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि आत्ता काही सुचत नाही म्हणाल्या. रागावून बघा म्हटलं, तर कोणावर, असा प्रश्न. तेवढ्यात कडेला वाळत घातलेल्या सांडग्यांवर एक कावळा उतरला. अक्कांनी फक्त मान वळवली. केस चेहऱ्यावर आले आणि त्यांतून त्यांनी कावळ्याकडे पाहिलं. माझा फोटो निघाला. कावळाही निघाला.

पोस्टर मी नेटवर टाकलं आणि त्याखाली लिहिलं की हा सिनेमा काल्पनिक आहे. ते कुणी वाचलं नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक सिनेमा कधी लागणार म्हणून विचारत होते, काही जण ही नटी कोण म्हणून. खरं सांगितल्यावर एकजण मनापासून हिरमुसला. मला वाईट वाटलं, मी अक्षरं मोठी केली. पण लोक थांबले होते, हेही खरं.

पोस्टर फिरत फिरत अक्कांच्या यजमानांच्या, म्हणजे अण्णांच्या, बागेत फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर पोचलं. अण्णांनी ते थेट बायकोलाच पाठवलं: बाई फार भयंकर आहे, एकटी असताना बघू नकोस. अक्का मला दाखवायला वर येता येता हसून हसून जिन्यातच बसल्या. मग हसू ओसरलं.

"इतकी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "ओळखलं नाही बघ."

पोस्टर काढून टाकू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णा स्वतः वर आले. अक्कांनी त्यांना सांगितलं होतं. हातात फोन, त्यावर तेच पोस्टर.

"ती अशी बघते, हे मला माहीतच नव्हतं," ते हळूच म्हणाले आणि मोठी प्रिंट मिळेल का, असं विचारलं. ती त्यांनी टीव्हीच्या वर स्वतः खिळा ठोकून लावली.

पुढे सिनेमा शिकणाऱ्या काही मुलींनी माझ्याकडून अक्कांचा पत्ता काढला. देवनहळ्ळीकडच्या एका जुन्या घरात त्या छोटा भुताचा सिनेमा करत होत्या आणि भूत म्हणून त्यांना अक्काच हव्या होत्या. अक्का नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी अण्णांना गाडी काढायला लावली, मलाही बसवलं. भुताला नुसतं दारात उभं राहायचं होतं. एकदा उभं राहून झाल्यावर अक्कांनी दिग्दर्शक मुलीला विचारलं, ही काही बोलत नाही का? भुताला संवाद नाही, ती म्हणाली. इतक्या वर्षांनी घरी आलेली बाई एक शब्द बोलणार नाही, हे कोणाला पटेल, असं अक्कांचं म्हणणं. मुलीने विचार केला आणि तुम्हीच काहीतरी बोला म्हणाली.

अक्का दारात आल्या. कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि इथे घरोघरी विचारतात तसं, अगदी मायेने, कानडीत जेवण झालं का म्हणून विचारलं.

"ऊट आयता?"

माझ्या अंगावर काटा आला. सगळे श्वास रोखून होते. फक्त कॅमेऱ्यामागून, रोजच्या सवयीने, झालं म्हणून अण्णांचं उत्तर आलं, "आयतु." शॉट पुन्हा घ्यावा लागला.