कोपरावरची पंगत

आई अंथरुणात जेवायची नाही, आणि त्या दिवसांत माझा सगळा जीव तेवढ्याच गोष्टीत अडकला होता. वाडीत पाय घसरून ती पाठीवर आपटली. मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी बजावलं, काही महिने ताठ बसायचं नाही, कलून किंवा टेकून चालेल. झालं! दिवेआगरच्या आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या पंगती उठवण्यात जिचा जन्म गेला, ती आता पलंगावर पडून कौलं बघायची. ताट नेलं की तोंड भिंतीकडे.

"अंथरुणात जेवू? अजून मेले न्हाय मी."

माझ्या समाधानापुरते दोन घास घ्यायची. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरायला लागल्या. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते. "आये, हट्टालाही काही सीमा असते गं!" असं ओरडून मी मागच्या पडवीत जायचे आणि लाकडावर राग काढायचे. मी फर्निचर करते, त्यामुळे राग काढायला लाकूड कायम हाताशी असतं.

पडवीत एक जुनं पुस्तक आहे, ग्रीक लोकांच्या फर्निचरचं, कॉलेजात असताना घेतलेलं. हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांवरची चित्रं. कोयत्यासारखे बाहेर वाकलेले खुर्च्यांचे पाय मी त्यातूनच उचलले, आणि इथल्या कितीतरी होम-स्टेंच्या व्हरांड्यात ते आज उभे आहेत. त्या दुपारी मी नुसतीच पानं उलटत होते. पोफळींची सावली पानांवरून पुढेमागे सरकत होती. समुद्राचा आवाज येत होता, थांबत होता. डोळे मिटायला आले आणि मडक्यावरची माणसं आमच्याच वाडीत येऊन पहुडल्यासारखी वाटली. उंच बाकावर आडवी, डावं कोपर पट्ट्यापट्ट्यांच्या लोडावर, उजवा हात मोकळा, पुढ्यात बुटकं मेज आणि त्यावर जेवण. मी ताडकन उठले. अगं बाई, ही माणसं आडवी होऊन जेवतायत, आणि आजारी तर कुणीच नाही!

वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या होत्याच. त्यांचा बाक केला, डोक्याकडची बाजू उंच ठेवली, वर सुंभाची वीण घातली. पुढे सरकवायला मेज केलं. आईला दारातून दाखवलं, तर पडल्या पडल्या निकाल दिला, "चादर घातलीस की पलंगच तो. मला काय खुळी समजलीस?"

खरंच होतं. सगळं आता कापडावर आलं. म्हसळ्याच्या बाजारात गेले. मला मडक्यावरच्यासारखे पट्टे हवे होते. पहिल्या दुकानात पट्टे मिळाले, पण ते गादीचं कापड, आईने लांबून ओळखलं असतं. पुढे चौकड्याचं झकास कापड दिसलं. हातात घेतलं तर लुंगी. लुंगीवर कोपर टेकून आमची आई जेवणार! मला एकटीलाच हसू आलं. त्या बाजारात मात्र मन रमतं. कापडाच्या ताग्यांच्या उतरंडी, खळीचा वास, दारात झुलणाऱ्या ओढण्यांतून गाळून येणारं रंगीत ऊन. त्या उन्हात किती वेळ उभी होते कोण जाणे.

शेवटच्या दुकानातल्या चाचांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि आतून एक लांबलचक, अरुंद गुंडाळी आणली. लाल, निळे, पांढरे पट्टे. हुबेहूब मडक्यावरचे!

"ही पंगतीत बसायची पट्टी हाय, ताई. तुमच्या लग्नात, आमच्या लग्नात, हीच अंथरतात. पण कापून न्हाय देणार. अख्खी घ्या."

एवढीचं काय करू म्हणत कुरकुरत घेतली. घरी येऊन थोडीशी कापली, लोड शिवला आणि आईपुढे धरला. तिने बोटांनी पोत चाचपला. "ही तर पंगतीची पट्टी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने तिला अलगद उचलून ओटीवरच्या बाकावर ठेवलं. डावं कोपर लोडावर, पुढ्यात मेज, त्यावर भात, आमटी, वाटीत सोलकढी. आम्ही खाली पाटांवर बसलो. आईने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि ताट हळूच सरकवलं.

"तुम्ही सगळी बसलेली, मी एकटी आडवी. मग आजारीच ना मी?"

मला भडभडून आलं. एवढा बाक, एवढा बाजार, आणि ती परत तिथेच. मग ते चित्र आठवलं. त्यात बसलेलं कुणीच नव्हतं.

मी पाट ढकलला, उरलेली पट्टी ओटीभर उलगडली, ताट पुढे ओढलं आणि डाव्या कोपरावर आडवी झाले. "दादा, हो आडवा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हो म्हटलं ना!"

तो कण्हत कण्हत आडवा झाला. वहिनी हातात भाताचं पातेलं घेऊन दारातच थबकली. मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, ती अर्धी गालावरून कानात गेली. दादाचा घास मिशीत. बाकावरून खुसखुस ऐकू आली, आणि मग आई हसली, पाठ धरून, "अगं आई गं" करत हसली.

हसू ओसरलं तशी तिने वहिनीला हाक मारली, अगदी पंगतीत मारायची तशी.

"उभी काय राहिलीस गो? भात वाढ ह्यांना. आडवी पडलीत बिचारी."

आणि स्वतःचं ताट जवळ ओढलं.