कपाटातला बिल्ला

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. पण ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, मोजण्यात चूक झाली असेल. मोजणं हेच तर माझं काम होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आखाडा बाळापूरजवळ पाइपलाइन चालू होती. जोडांतली चीर शोधायला आमच्या कंत्राटदाराची माणसं गॅमा किरण वापरत. प्रत्येकाच्या छातीवर फिल्मचा बिल्ला हवा. किरण लागले की फिल्म काळी पडते. किती काळी म्हणजे किती डोस, हे ठरवायला मी त्याच खोक्यातल्या कोऱ्या फिल्मना आधी मोजून किरण द्यायची, धुवायची, आलेख काढायची. हे सगळं मला सुरक्षा बघणाऱ्या जोशी सरांनी शिकवलं. सख्ख्या भावासारखा माणूस... असं मी समजत होते.

त्या महिन्याअखेर सरांनी आणून दिलेले बारा बिल्ले धुतले. अकरा स्वच्छ. बारावा, हरिभाऊ राठोडचा — काळाकुट्ट. बिल्ल्यातल्या धातूच्या पट्ट्यांची सावली फिल्मवर उमटते. बिल्ला एका जागी पडून असला तर सावलीची कड रेघेसारखी येते. हिची कड पुसट होती. म्हणजे बिल्ला हलत्या अंगावर होता.

हरिभाऊला बोलावून झापलं. "मरायचंय का? इतक्या जवळ काहून जाता?"

"जावंच लागते ताई. बोटं पाहा, सोलून राहिली. पण तुमाला कोनं सांगितलं?"

"तुमच्या बिल्ल्यानं."

तो हसला. "थट्टा करता व्हय? बिल्ले सरांच्या कपाटात व्हते. महिनाभर कोनालाच देल्ले न्हाई."

तशीच सरांकडे गेले. वाटलं, नाकारतील. नाकारलं नाही.

"अहो बाई, डोस दिसला की माणूस घरी बसवावा लागतो. मग जोड कोण तपासणार, तुम्ही?" मग फिल्म उजेडाला धरली आणि चेहरा उतरला. "ही काळी कशी? चावी तर माझ्या खिशात... खराब झाली म्हणून लिहा."

दुसऱ्या दिवशी मी नव्या फिल्मना किरण देऊन पुन्हा आलेख काढला. डोस तेवढाच. त्याच कपाटात तुलनेसाठी ठेवलेली कोरी फिल्म धुतली, ती स्वच्छ. मग आला तो डोस लिहून वर पाठवला. हरिभाऊला त्या कामावरून हलवलं. दोन नखं गेली, हात वाचला.

बंद कपाटातली ती एकच फिल्म कशी काळी झाली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. सरांकडेही नव्हतं. बदली होईपर्यंत भेटतील तेव्हा ते तेच विचारत — फिल्म काळी कशी झाली? हरिभाऊचा हात कसा आहे, हे एकदाही नाही.