अहवालात न आलेल्या काटाबाई

काटाबाई कापूस तोलण्याआधी रिकामा काटा दाखवत. गाडीवाला कितीही घाईत असो, त्याला काट्यासमोर उभं करत आणि म्हणत, "पयले रिकामा पाहून घे दादा. मंग टाक."

सौंसरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर त्यांचे यजमान तोलाईच्या नोकरीवर होते. ते वारले आणि नोकरी बाईंना मिळाली. एक तर बाई, त्यातून बौद्ध वस्तीतली. सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली. दोन हंगामांनंतर तेच लोक काटाबाईंशिवाय दुसऱ्या कुणाकडून तोलून घ्यायला तयार नसत.

मी त्यांना भेटलो तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. नागपुरात अर्थशास्त्र शिकून भोपाळच्या कचेरीत नुकताच लागलो होतो. सरकारने धंद्यात पडू नये, बाजार आपली वाट आपण शोधतो, हा विचार तेव्हा परदेशातून येऊन आमच्या वरिष्ठांच्या टेबलांवर पोचला होता. मला तर तो पाठच होता. कोणती केंद्रं ठेवायची आणि कोणती बंद करायची, याचा अहवाल लिहायला मला पाठवलं होतं. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, पण मला साहेबच म्हणत. आठ दिवस रोज त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकर जास्तीची असे.

एके दिवशी लोधीखेड्याचा एक शेतकरी भरलेली गाडी घेऊन आला. व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन कमी भरलं, असा त्याला संशय होता. बाईंनी कापूस तोलून चिठ्ठी दिली. ती घेऊन तो व्यापाऱ्याकडे परत गेला, आणि व्यापाऱ्याने मुकाट्याने तेच वजन धरलं.

"बाई, कापूस तर त्यानेच घेतला. आपल्याला काय मिळालं?" मी विचारलं.

"आपल्याले काय मिळाचं साहेब? त्याचं वजन त्याले मिळालं."

अशा गाड्या रोज येत. त्यांच्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. वेगळ्या कागदावर लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वर्षभर काम असतं का हो इथे?"

"खोटं काहून सांगू? चार महिने रायते. बाकी तं मी रिकामीच बसून रायते."

हे वाक्य मी अहवालात घातलं, 'कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कबुलीनुसार' असं म्हणून. वरिष्ठांनी नेमकं त्याच वाक्याचं कौतुक केलं.

पुढच्या हंगामाआधी केंद्र बंद झालं. किल्ल्या ताब्यात घ्यायला मीच गेलो. बाईंनी आवार झाडून ठेवलं होतं.

"आता वजनाचं भांडन झालं तं लोकाईनं कोठी जाव?" त्यांनी विचारलं.

"बाजार ठरवेल बाई. जो खोटं तोलेल त्याच्याकडे लोक जाणार नाहीत."

"बजार म्हंजे कोन साहेब?"

मी किल्ल्या मोजत राहिलो.

केंद्राचा हिशेब मिटवायला त्या हंगामात मी सौंसरलाच राहिलो. तेव्हा व्यापाऱ्याच्या आवारात लोधीखेड्याच्या त्याच शेतकऱ्याला पाहिलं. वजन पटत नसेल तर गाडी परत ने, असं त्याला सांगितलं जात होतं. तो गाडी खाली करू लागला. काटाबाई तोवर संत्र्याच्या बागांत तोडणीच्या मजुरीला लागल्या होत्या. मी त्यांना भेटलो नाही. मला बढती मिळाली आणि मी भोपाळला परतलो.

बऱ्याच वर्षांनी, त्या गेल्याचं कळल्यावर, मी पांढुर्ण्याला त्यांच्या मुलीकडे गेलो. केंद्रावर कामाला होतो, एवढंच सांगितलं. तिने चहा दिला.

"मंग तुमाले तो भोपाळचा साहेब मालूम असन," ती म्हणाली. "त्याच्याच कागदानं केंद्र बंद झालं. लोक त्याले शिव्या देत, पन आई देऊ देत नसे. म्हने, पोरगा चांगला होता, त्याले वरून हुकूम असन."

वरून हुकूम नव्हता. केंद्र ठेवावं की बंद करावं, ते पूर्णपणे माझ्यावर सोडलं होतं.

"हो," मी म्हणालो, "हुकूमच होता."